खुर्चीत बसवलेले शामराव

"बसवलं! बसवलं एकदाचं माझ्या बाबांना खुर्चीत!" बेबीने निमंत्रणपत्रिका मनमोहनच्या मांडीवर आपटली. "माणूस जाऊन वीस वर्षं झाली आणि आत्ता खुर्ची देतायत. तीपण खोटी!"

मनमोहनने पत्रिका उचलली, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि परत डोळ्यांजवळ नेली. गेले चार दिवस तो हेच करत होता. पुसायचा आणि बघायचा.

चार दिवस भावंडांचं हे भांडण फोनवर चाललं होतं. पण फोनवर भांडून बेबीचं पोट भरत नाही. तिला माणूस समोर लागतो. चाळीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथे भल्याभल्या डॉक्टरांना समोर उभं करून झापलेली बाई ती. म्हणून शनिवारी दुपारी तिने सगळ्यांना आपल्या नायगावच्या खोलीवर बोलावून घेतलं. परळच्या फ्लॅटवरून मनमोहन आला, त्याच्याबरोबर मुलगा अभिषेक आणि नात ऋग्वेदा. वरळीहून मामेबहीण शेवंती आली. आपल्याला का बोलावलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. आल्या आल्या ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. चाळ पाडून नवी बांधायची म्हणून निम्मी बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात निघून गेली होती. शेजारची खोली रिकामी, समोरची रिकामी. तेव्हा बेबीला आवाज खाली ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. तसं ते आधीही कधी नव्हतं.

"किती छान दिसतायत गं," मनमोहन म्हणाला.

"छान? तू शुद्धीवर आहेस का दादा?"

आता तो फोटो. गमरे घराण्यात त्या फोटोवाचून एक लग्न झालेलं नाही, म्हणून तो नीट सांगायलाच हवा. एकोणसाठ साली उदयगिरी क्रिकेट क्लबने शील्ड जिंकली. फायनलला सात विकेट काढल्या शामराव गमरेंनी. गिरणीच्या स्पिनिंग खात्यात रात्रपाळी करून सकाळी मैदानावर येणारा डावखुरा फिरकी बोलर. त्या क्लबकडून खेळलेला आपल्यातला पहिला माणूस. मग फोटो काढायचा झाला. मधल्या खुर्च्यांवर क्लबचे मेंबर बसले. मागे उभ्या रांगेत बाकीचे राहिले, आणि त्या रांगेत दोन माणसं सहज मावतील एवढी जागा शिल्लक होती. तरीही कुणीतरी म्हणालं, "शामराव, तुम्ही जरा तिकडे." तिकडे म्हणजे जिथे ते रोज घरून नेलेल्या पेल्यात चहा प्यायचे तिथे, लोखंडी रोलरपाशी. मग सात विकेट काढणारा माणूस, डोक्यावर टोपी नाही, अंगात ब्लेझर नाही, असा टीमपासून लांब कडेला उभा राहिला, आणि फोटोग्राफरने खुशाल बटण दाबलं.

शामरावांनी तो फोटो फाडला नाही. उलट चांगली फ्रेम करून बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. घरात नवी सून आली, नवा जावई आला की चहाच्या आधी त्याला त्या फोटोपुढे उभं करायचे. "शोधा मला." येणारा बिचारा आधी खुर्च्या बघायचा. मग मागची रांग. शामराव मिशीत हसत बसायचे. "खुर्चीत नको बघूस बाळा. खुर्च्या मेंबरांच्या. सात विकेटवाला कुठे ठेवलाय, बघ." आणि शेवटी स्वतः उठून काचेवर बोट टेकवायचे. हसायचे ते, पण शोधणाऱ्याला हसू यायचं नाही. अभिषेकची बायको तर पहिल्याच दिवशी रडली होती.

आणि आता उदयगिरी क्लब शामराव गमरेंच्या नावाने नवीन नेट्स, सरावाच्या जाळ्या, सुरू करतोय. उद्या, रविवारी सकाळी. पत्रिकेवर तोच फोटो, पण रंगीत करून, चकचकीत करून, आणि शामराव मधोमध, कॅप्टनच्या शेजारी, खुर्चीत! डोक्यावर क्लबची टोपी, अंगात क्लबचा ब्लेझर, गुडघ्यांवर हात. कॉम्प्युटरला सांगितलं की तो काय वाटेल ते करून देतो म्हणे. दिलं त्याने.

"आता शोधा म्हणावं मला," बेबी म्हणाली. "शोधायची गरजच ठेवली नाही! हरामखोरांनी बाबांना नाही बसवलं दादा, स्वतःचं तोंड धुऊन घेतलं."

"बेबीआत्या, जरा शांतपणे ऐकशील?" अभिषेक मध्ये पडला. त्याला हे सगळं लवकर मिटवायचं होतं, आणि त्याचं कारण त्याच्या शेजारीच बसलं होतं. ऋग्वेदा सोळाची. पणजोबांसारखीच डावखुरी, आणि चेंडू असा वळवते की तिच्या वयाचे मुलगेही क्रीजमध्ये अडकून पडतात. याच वर्षी उदयगिरीने मुलींना गवताच्या विकेटवर नेट्स दिली. मुंबईत मुलीला गवताची विकेट मिळणं म्हणजे काय, हे अभिषेकला विचारा. आधीची तीन वर्षं तो तिला सिमेंटवर बोलिंग टाकताना बघत होता. "हे बघ, फोटोचं चुकलं. मान्य. पण निदान नाव तर देतायत ना? तिकडे अमेरिकेत बेसबॉलवाला जॅकी रॉबिन्सन. पहिला ब्लॅक प्लेयर. त्याचा बेचाळीस नंबर सगळ्या टीम्सनी कायमचा ठेवून दिला, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. वर्षातून एक दिवस सगळेच्या सगळे तोच नंबर घालून खेळतात. आपल्या माणसांना इथे कोण विचारतं? एक क्लब विचारतोय, तर आपणच लाथ मारायची?"

"त्या रॉबिन्सनला शिव्या घातल्या होत्या ना लोकांनी? मारायच्या धमक्या दिल्या होत्या?"

"हो, दिल्या होत्या."

"मग ते सांगतात का लपवतात?"

उत्तर ऋग्वेदाने दिलं. "सांगतात बेबीआजी. आम्हाला इंग्लिशच्या प्रोजेक्टला होतं. हॉटेलात घ्यायचे नाहीत, ते पण होतं त्यात."

"ऐकलंस? तू पोरीचा बाप ना? पोरीला जास्त कळतं तुझ्यापेक्षा."

"आत्या, प्लीज, तिला यात ओढू नकोस."

"तिला कोण ओढतंय? तिच्या नावावर तू घाबरतोयस!"

हे बेबी बोलली आणि तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. हर्षवर्धन त्रिलोकेकर. क्लबचा सेक्रेटरी, आणि फोटोतल्या त्या कॅप्टनचा सख्खा नातू. अभिषेकनेच त्याला बोलावलं होतं. समोरासमोर बोललं की मिटेल, असं त्याला वाटलं होतं. बेबीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"जय भीम, ताई," हर्षवर्धन हात जोडून म्हणाला. येताना गाडीत दोनदा म्हणून बघितलं असावं, इतकं ते जपून आलं.

"जय भीम. या. बसा खुर्चीत," बेबी म्हणाली.

टोमणा हर्षवर्धनच्या डोक्यावरून गेला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर बेबीने दारातूनच परत धाडला असता. त्याने पाणी मागून घेतलं, चहा घेतला, लाडूही घेतला आणि लाडू कुणी केला ते विचारलं. मनमोहनच्या पायांना हात लावला. नेट्स शामरावांच्या नावाने करायची हा ठराव त्यानेच आणला होता, आणि कमिटीतल्या तिघांनी नाकं मुरडली तरी रेटून नेला होता. आपण एक चांगलं काम करतोय आणि त्यासाठी या खोलीत आपली हजेरी घेतली जाणार आहे, हे त्याला मनातून फार लागलं होतं. शिवाजी पार्कला मोठा झालेला माणूस. आजवर त्याला कुणी असं स्वयंपाकघरासमोर बसवून जाब विचारला नव्हता.

"ताई, मी स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "तो जुना फोटो क्लबमध्ये लावायची आम्हालाच लाज वाटते. आजोबांनाही वाटायची. शेवटी शेवटी तर ते म्हणायचे, शामरावला बसवायला हवं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की ती चूक दुरुस्त करूया."

"आजोबांना वाटायची ना लाज? मग बोलले का नाहीत? माझे बाबा दोन हजार चारपर्यंत होते. दादरहून नायगावला यायला काय विमान लागतं?"

"ताई, तो काळच—"

"काळ नका सांगू. काळ काय 'जरा तिकडे' म्हणाला का? माणूस म्हणाला. आणि चूक दुरुस्त करायची तर फोटोत कसली करताय? फोटोची काय चूक होती हो? त्याने जे होतं ते दाखवलं. त्या सगळ्या मैदानात एक तो फोटोच तेवढा खरं बोलला, आणि तुम्ही त्यालाच गप्प केलंत!"

"लहान मुलं येतात क्लबमध्ये. त्यांना काय दाखवायचं मग? द्वेष?"

"खरं दाखवा. द्वेष तुमच्या लोकांनी केला, दाखवायची वेळ आली की आमच्या नावावर लावता!"

हर्षवर्धनचा चेहरा लाल झाला. त्याने हुकमाचं पान टाकलं. "पण मनमोहनकाकांना फोटो आधी पाठवला होता मी. त्यांनी हो म्हटलं, म्हणूनच छापला."

खोलीतल्या सगळ्या माना मनमोहनकडे वळल्या. बेबीला हे ठाऊक नव्हतं. चार दिवस ती ज्या माणसाशी भांडत होती तो नुसता भोळा नव्हता, सामील होता!

"दादा?"

मनमोहन बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला, बोलणं नेहमी मोजूनमापून. पण आता त्याचा आवाज फाटला. "हो, म्हटलं. काय करू? मला त्यांना एकदा बसलेलं बघायचं होतं बेबी! गिरणीत आठ तास उभे, मैदानावर उभे, फोटोत उभे. मी सात वर्षांचा होतो, डबा घेऊन गेलो होतो त्या दिवशी. सगळे बसले आणि माझे बाबा लांब उभे. का, ते कळेना. वाटलं, आउट झाले असतील. मोबाइलवर हा फोटो आला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. खोटा आहे, मला काय कळत नाही? मला तो खोटा पण हवा होता."

रागाने भरलेली बाई अशी अचानक रिकामी होते तेव्हा काय करावं तिला सुचत नाही. बेबीने भावापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि पदराने आपलंच तोंड पुसलं. मनमोहनवरचा तिचा राग गेला नव्हता, पण आता त्याला नुसतं झोडपता येणार नव्हतं.

ही संधी अभिषेकने पकडली. "असं करूया? दोन्ही फोटो लावायचे. नवीन बॅनरवर लागलाय तो राहू दे, शेजारी जुना. खाली दोन ओळी, जे झालं ते."

"जुना लावू की," हर्षवर्धन लगेच म्हणाला. "ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये छान जागा आहे."

"पॅसेजमध्ये?" बेबी परत पेटली. "म्हणजे परत जरा तिकडेच! दारात लावा. माणूस आत शिरला की समोर दिसला पाहिजे."

"दारात शील्डचं कपाट आहे ताई."

"कपाट सरकवा."

हर्षवर्धनने श्वास सोडला. "ठीक आहे. बोलतो कमिटीशी. उद्या नाही जमणार, पण महिनाभरात दारात लावतो. माझा शब्द."

आणि चक्क, मिटलं. अभिषेकच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मनमोहनने डोळे टिपले. बेबीला अजून दोन वाक्यं ऐकवायची होती, पण समोरचा ऐकतोय म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं. तिने हर्षवर्धनला दुसरा लाडू दिला. उद्या किती वाजता निघायचं, कुणी कुणाच्या गाडीत बसायचं, असली बोलणी सुरू झाली.

"माझे बाबा कुठे आहेत?"

शेवंती बोलली. दुपारपासून पहिल्यांदा. आवाज चढला नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई, तिचा आवाज कधी चढायचाच नाही.

"काय म्हणालीस?" बेबीने विचारलं.

"माझे बाबा. फोटोत. कुठे आहेत?"

कुणालाच काही कळेना. ऋग्वेदा उठली, तिने भिंतीवरची फ्रेम काढली आणि पत्रिकेशेजारी पलंगावर ठेवली. मग सगळे वाकले.

जुन्या फोटोत कडेला शामराव उभे. आणि त्यांच्या पलीकडे, एका हाताने रोलरचा दांडा धरून, अर्धी चड्डी आणि बंडी घातलेला, रघूमामा. शामरावांचा मेव्हणा, त्यांच्या बायकोचा, कौसल्येचा भाऊ, शेवंतीचा बाप. क्लबचा माळी. नव्या फोटोत शामराव उचलून मध्ये नेले, रोलर गेला, आणि मामाही गेला. त्याच्या जागी हिरवीगार, टपोऱ्या पानांची एक कुंडी.

"कुंडी," शेवंती म्हणाली. "माझ्या बापाच्या जागी कुंडी ठेवलीय."

"अच्छा, ते," हर्षवर्धन म्हणाला. खरंच त्याला आत्ताच आठवलं. "डिझायनरने केलं ते. शामराव तिथून हलवल्यावर एकच माणूस कडेला राहिला, तो जरा ऑड दिसत होता. आणि ते, म्हणजे, टीममध्ये नव्हते ना. माळी होते."

"माळी होते. टीममध्ये नव्हते. बरोबर आहे तुमचं." शेवंतीने पदर खांद्यावर ओढून घेतला. "शामरावकाकांना बोलिंग कुणी शिकवली, माहितीय? मेंबर लोक यायच्या आधी, पहाटे, माझे बाबा विकेट लाटून ठेवायचे आणि काकांना म्हणायचे, टाक आता. मेंबरांच्या विकेटवर! कुणी बघितलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती, आणि राहायची खोपटीपण. आई माझी दारात उभी राहायची, कुणी येतंय का बघायला. ते झालं म्हणून तुमची शील्ड आली. तो फोटो काढायच्या वेळी काकांना तिकडे जा म्हटलं, तर तिकडे त्यांच्या बाजूला उभं राहायला कोण होतं? सगळं मैदान एका बाजूला, आणि माझा बाप त्यांच्या बाजूला."

"शेवंतीआत्या, मला हे खरंच माहीत नव्हतं," अभिषेक म्हणाला.

"तुला कुठून असणार? तुला कुणी सांगितलंच नाही." आता ती बेबीकडे वळली, मनमोहनकडे वळली. "त्यांचं मला नवल नाही. ते परके. तुमचं काय? बुधवारी पत्रिका आली. बघितली तेव्हाच दिसलं मला. म्हटलं, आज बेबीचा फोन येईल. उद्या दादाचा येईल. चार दिवस तुम्ही दोघं भांडताय, काकांनी बसावं की उभं राहावं! माझा बाप फोटोतून गेला, आणि तुमच्या घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"शेवंती, अगं, माझ्या खरंच लक्षात—"

"तेच म्हणतेय मी."

साठ वर्षं तो फोटो बेबीच्या भिंतीवर होता. तिने स्वतः डझनावारी पाहुण्यांना त्याच्यापुढे उभं केलं होतं. शोधा, शोधा, शोधा. आणि बाबांवर बोट टेकलं की शोधणं संपलं. त्या बोटाच्या पलीकडे चार अंगुळांवर मामा होता, ज्याने तिला खांद्यावरून मैदान दाखवलं होतं, ज्याच्या पेल्यातला चहा ती प्यायली होती. एकाही पाहुण्याला तिने कधी म्हटलं नव्हतं, आणि हा माझा मामा. ज्या गोष्टीसाठी ती या सेक्रेटरीचा जीव खात होती तीच गोष्ट तिच्या घरात साठ वर्षं सुखाने चालली होती. तिला स्वतःचीच चीड आली, इतकी की उठून कुणालातरी मारावंसं वाटलं.

"बदला तो फोटो," बेबी हर्षवर्धनला म्हणाली. "उद्याच्या आत."

हर्षवर्धन उठला. त्यालाही आता पुरे झालं होतं. आत्ताच तर सगळं ठरलं होतं, आणि आता त्या माळ्यावरून नवीन भांडण! "शक्य नाही ताई. बॅनर लागलाय. वीस फुटांचा. पाहुणे येणार, प्रेस येणार. आणि एक सांगू? रागावू नका. मुलींची नेट्स कमिटीत सगळ्यांना पसंत नाहीत. मी एकटा धरून बसलोय. उद्या तिथे काही तमाशा झाला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." तो ऋग्वेदाकडे बघून हसला, आणि ते हसू त्याचं त्यालाच नको झालं. "बेटा, पहिला बॉल तुझाच आहे. नऊला ये, किट घेऊन. काका, तुमचं भाषण पाच मिनिटं, तेवढं छोटंच ठेवा."

अभिषेकने त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि तो उतरून गेला. रिकाम्या चाळीत त्याच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"झालं समाधान?" अभिषेक उसळला. "तुमच्या जुन्या हिशेबांत माझ्या पोरीचं गेलं! तिच्या विकेटवर पाणी पडलं! कुणाला काय त्याचं?"

"धमकी त्याने दिली, आणि ओरडतोस आमच्यावर?" बेबी म्हणाली.

"मग कुणावर ओरडू? तो गेला!"

"त्याच्यावर ओरड ना! तो होता तेव्हा का नाही ओरडलास? मुलीला दम देऊन गेला तो तुझ्यादेखत, आणि तू त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलास!"

अभिषेकला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. तो पलंगावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सिमेंटवर घासून सोललेली लेकीची बोटं त्याने तीन वर्षं हळद लावून बांधली होती. ही माणसं अभिमान अभिमान करतात, त्याची किंमत पोरीने मोजायची. हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

"पप्पा," ऋग्वेदा म्हणाली. "मला ती विकेट हवीय. मी खोटं नाही बोलणार, मला ती खूप हवीय. पण ती त्यांची कुठेय? ती शेवंतीआजीच्या बाबांनी केलेली आहे." मग तिचाही धीर सुटला आणि ती चिडूनच रडायला लागली. "आणि त्या कुंडीसमोर मी बॉल टाकणार नाही. काढायचं तर काढू देत मला."

शेवंती उठली, पोरीजवळ गेली. "तू नको गं सोडूस काही माझ्यासाठी. माझं बोलून झालं. मला एवढंच म्हणायचं होतं." ती चपला शोधू लागली. "निघते मी. बस मिळेल आत्ता."

मनमोहन इतका वेळ फ्रेम मांडीवर घेऊन बसला होता. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की बाबा त्या फोटोत एकटे उभे आहेत. त्या एकटेपणासाठीच तो बाथरूममध्ये जाऊन रडला होता, त्यासाठीच त्याने खोट्या फोटोला हो म्हटलं होतं. आणि बाबा एकटे नव्हतेच. मामा होता. सात वर्षांच्या मनमोहनच्या हातातला डबा त्या दिवशी घेतला होता तो मामानेच, आणि त्याला कडेवर घेऊन म्हणाला होता, बघ, तुझ्या बापाने सात काढल्या. हे तो इतकी वर्षं विसरला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ, फार वर्षांनी, राग आला. बँकेत, सोसायटीत, क्लबच्या लोकांपुढे त्याने जन्मभर गिळलेला सगळा राग.

"थांब शेवंती," तो म्हणाला. "कुठे जायचं नाही."

त्याने मोबाइल काढला. हर्षवर्धन अजून खालीच असावा, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता.

"दादा, काय करतोयस?" बेबीने विचारलं.

त्याने तिला हाताने गप्प बसवलं. या घरात बेबीला कुणी गप्प बसवल्याचं अभिषेकने कधी पाहिलं नव्हतं.

"हां, हर्षवर्धन. मनमोहन गमरे बोलतोय. आम्ही येतोय उद्या. सगळे येतोय. नाही, नाही, तमाशा कसला, कार्यक्रम आमच्या माणसाचा आहे, आम्ही येणारच. फक्त एक बदल. माझ्याऐवजी माझी बहीण बोलेल." पलीकडून प्रश्न आला. "नाही, बेबी नाही. शेवंती. ती बोलून झाली की मग ऋग्वेदा बॉल टाकेल, त्याआधी नाही. नाव लिहून घ्या, माईकवर नीट पुकारायचं आहे. शेवंती रघुवीर तांबे."

फोन स्पीकरवर नव्हता, पण खोली एवढी गप्प होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"रघुवीर तांबे? हे कोण, काका?"

"तेच सांगायला येतेय ती," मनमोहन म्हणाला, आणि त्याने फोन बंद केला.